दुसरं कनेक्शन घेण्याआधी

गावात नेट सारखं जातं म्हणून लोक दुसरं कनेक्शन घेतात आणि बऱ्याचदा दोन्ही एकदमच बंद पडतात. म्हणून माझा आग्रह आहे की कंपनी आणि वेग यांआधी ते कनेक्शन घरापर्यंत कोणत्या वाटेने येतं, ते विचारा. टेलिफोनच्या तारेवरून नेट देणाऱ्या आयएसडीएनच्या काळातही हीच गोम होती. तांब्याच्या एका जोडीवर 64 केबीपीएसचे दोन चॅनल मिळत, ते जोडले की वेग 128 होई. पण एक्स्चेंजपासून तारेची लांबी साधारण साडेपाच किलोमीटरांच्या आत हवी, त्यामुळे लांबच्या वाड्यावस्त्या बहुधा वगळल्याच जात. ज्यांना सेवा मिळे, त्यांचेही चॅनल दोन असले तरी तार एकच. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की दोन्ही ठप्प.

फायबरने अंतराचा जाच कमी केला, पण काचेतून वीज येत नाही. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट मिळत, म्हणून गाव अंधारात असतानाही फोन चाले. आजचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे जोडतात तो घरातला डबा, घरच्या विजेवर चालतो. म्हणून आधी महिनाभर, नेट गेलं की ओएनटीवरचे दिवे पाहून नोंद ठेवा. सगळे दिवे विझलेले असतील तर दोष विजेचा किंवा अडॅप्टरचा. पॉवरचा दिवा चालू आणि एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमध्ये खोट, बहुतेक रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली. पहिला प्रकार जास्त असेल तर दुसऱ्या कनेक्शनवर पैसे घालू नका. अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर पाहून छोटा डीसी यूपीएस घ्या.

फायबरच तुटत असेल तर सिमकार्डचा पर्याय बरा, मात्र तोही पारखून. एकाच टॉवरवर दोन कंपन्यांची उपकरणं असू शकतात आणि त्या टॉवरला येणारी केबलही त्याच रस्त्याकडेने आलेली असू शकते. फायबर बंद असताना घरातल्या, शेजारच्या सिमांपैकी कोणतं चालतं ते पाहा आणि तेच घ्या. दोन बिलं कोण भरणार, ही शंका रास्त आहे. पण अडीनडीपुरतं छोटं प्रीपेड रिचार्ज पुरतं. ऑनलाइन परीक्षा किंवा पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस हुकला, तर त्याहून महाग पडतं. उपग्रहावरून येणाऱ्या नेटची वाट वेगळी असते हे खरं, पण भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरांवर असल्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला निदान अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलवर ते खटकतं. फॉर्म भरायला मात्र चालतं.