आधी ब्रेक शीक, मग व्हील घे

दिवाळीचा बोनस आला की प्लेस्टेशन आणि त्याला लावायचं स्टिअरिंग व्हील एकदमच घेणार आहेस, असं ताई म्हणाली. पैसा तुझ्या कमाईचा आहे, तेव्हा घेऊ नकोस असं मामा सांगणार नाही. पण मुलुंडमध्ये लोकांना गाडी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर गाड्यांच्या गेमचाच नाद मला लागला. म्हणून दुकानात जाण्याआधी काही गोष्टी ऐकून घे.

१. वेग हवा की वळण, हे ठरव

गाड्यांचे गेम दोन जातींचे. फोर्झा हॉरायझन किंवा नीड फॉर स्पीड हे मौजेचे. भिंतीला घासली तरी गाडी पळत राहते, ब्रेक विसरलीस तरी निभावतं आणि पहिल्याच संध्याकाळी दोन-चार शर्यती खिशात पडतात. दुसरी जात खऱ्यासारख्या गेमची, ज्याला खेळणारी मुलं नुसतं ‘सिम’ म्हणतात : ग्रान तुरिस्मो ७, फोर्झा मोटरस्पोर्ट, असेटो कोर्सा. इथे ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची बाजू हलकी होते. त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवलंस तर गाडी गर्रकन उलटं तोंड करून उभी. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल आणि वळणात घाईने ॲक्सिलरेटर दाबलास, तरी तीच गत. पहिला आठवडा रस्त्यापेक्षा गवतातच जास्त जातो.

बॉक्स क्रिकेट आणि नेट प्रॅक्टिस यांत जो फरक, तोच इथे आहे. एकात दहा जण जमतात, ओरडतात, घरी जातात. दुसऱ्यात तोच चेंडू, तोच फटका, पुन्हा पुन्हा. एकाच वळणावर घाम गाळून लॅपमधला दशांश सेकंद कमी झाला आणि त्याचा तुला आनंद झाला, तर सिम तुझ्यासाठी आहे. अंधेरीहून सातची बोरिवली लोकल पकडून, चेंगरून घरी आल्यावर डोकं हलकं करायचं असेल, तर सरळ हॉरायझन घे. त्याचा पाचवा भाग एप्रिल २०२५ पासून प्लेस्टेशनवरही आला आहे. त्यात कमीपणा काही नाही.

२. खिशाला हात लावण्याआधी फुकटात खेळून बघ

डिसेंबर २०२४ पासून ‘माय फर्स्ट ग्रान तुरिस्मो’ नावाचा छोटा गेम प्लेस्टेशन ४ आणि ५ वर फुकट मिळतो. कन्सोल असलेल्या मैत्रिणीकडे एक रविवार काढ, नाहीतर शनिवार-रविवारपुरता कन्सोल भाड्याने आण. उपनगरांत तसे भाड्याने देणारे आहेत. अनामत किती, परत कधी मिळणार, हे आधी विचारून घे.

या गेममध्ये लायसन्सच्या परीक्षा आहेत, त्या दे. सरळ रस्त्यावर वेग घ्यायचा आणि आखलेल्या पट्ट्यात थांबायचं, एकच वळण नीट घ्यायचं, अशा छोट्या छोट्या परीक्षा असतात. वेळेप्रमाणे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड मिळतं. आता स्वतःकडे लक्ष ठेव. ब्राँझ मिळाल्यावर ‘झालं, पुढची’ असं वाटलं, की ‘थांब, हे अजून चांगलं करते’ असं वाटलं? पहिलं वाटलं तर तुझे पैसे वाचले. दुसरं वाटलं तर पुढचा मुद्दा वाच.

३. गेमवरून कन्सोल, कन्सोलवरून व्हील

लोक उलट्या क्रमाने जातात आणि अडकतात. ग्रान तुरिस्मो फक्त प्लेस्टेशनवर चालतो. फोर्झा मोटरस्पोर्ट एक्सबॉक्सवर आणि कॉम्प्युटरवर. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने दोन्हीकडे आहे, पण त्यात फक्त स्पर्धेच्या तगड्या गाड्या आहेत आणि कंट्रोलरवर तो फार छळतो. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. यूट्यूबवर मॅक्स वर्स्टॅपन ज्यावर खेळताना दिसतो ते आयरेसिंग कन्सोलवर मुळी येतच नाही. त्यासाठी कॉम्प्युटरच लागतो.

व्हीलचं तर त्याहून नाजूक. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनला चालतं, एक्सबॉक्सला नाही. जी९२० एक्सबॉक्सला चालतं, प्लेस्टेशनला नाही. दिसायला दोघं सख्खे भाऊ. जुनं विकणारा ‘मॅडम, सगळ्याला चालतं’ म्हणाला, तरी खोक्यावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

४. एक ऋतू कंट्रोलरवरच काढ

व्हीलशिवाय सिम खेळणं म्हणजे वेळ वाया, असं पोरं सांगतील. ऐकू नकोस. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर डावं बटण ब्रेकचं, उजवं ॲक्सिलरेटरचं, आणि दोन्ही जेवढी दाबशील तेवढाच परिणाम करतात. ग्रान तुरिस्मोत ब्रेक जास्त झाला की बटण बोटाखाली थरथरतं. ब्रेक शिकायला एवढं पुरेसं आहे.

गाडी शिकवताना मी जे सांगायचो तेच इथे लागू : सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक हळूहळू सोडत वळण, आणि रस्ता समोर सरळ दिसायला लागला की ॲक्सिलरेटर. तिन्ही गोष्टी एकदम केल्या की चाकं कुणाचंच ऐकत नाहीत. नजर बॉनेटवर ठेवू नकोस, वळणाच्या पलीकडे ठेव.

सुरुवात छोट्या गाडीने कर. ग्रान तुरिस्मो ७ पहिल्या गाडीसाठी जे पर्याय देतो, त्यांत होंडा फिट आहे, म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेली तीच. सुझुकी स्विफ्ट स्पोर्टही गेममध्ये आहे. पुढच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी तुझ्या चुका शांतपणे दाखवते. फेरारीत बसलीस तर चूक कुठे झाली हे कळायच्या आत भिंत आलेली असते.

ट्रॅकही छोटा घे. जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफेची मोहिनी सगळ्यांना असते, पण तो जवळजवळ २१ किलोमीटरचा. एका वळणावर चुकलीस तर तेच वळण पुन्हा यायला आठ-दहा मिनिटं लागतात, तोवर काय चुकलं होतं तेच विसरायला होतं. जपानचा त्सुकुबा जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. तेच वळण मिनिटा-सव्वा मिनिटाने परत समोर येतं. एक गाडी, एक ट्रॅक, लॅपची वेळ वहीत. एवढं पंधरा दिवस कर.

गेममध्ये मदतीची बटणं असतात, त्यांना असिस्ट म्हणतात. आपोआप ब्रेक लावणारी मदत पहिल्याच दिवशी बंद कर, कारण शिकायची गोष्टच ती करून टाकते. एबीएस चालू राहू दे, तुझ्या खऱ्या गाडीतही ते असतंच. ट्रॅक्शन कंट्रोल एकेक अंकाने कमी करत जा. एका वेळी एकच मदत काढ, म्हणजे फरक कशाने पडला ते समजेल.

५. व्हील घेण्याआधी हॉल मोज

व्हीलमध्ये मजा आहे, ती मी नाकारत नाही. आतली मोटर तुझ्या हाताविरुद्ध ओढते. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं पडतं आणि ते डोळ्यांआधी मनगटाला कळतं. जी२९ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरतं, म्हणजे पूर्ण अडीच फेरे, जवळपास खऱ्या गाडीएवढे. क्लचसकट तीन पेडल सोबत येतात, गिअरची दांडी मात्र वेगळी घ्यावी लागते. आणि हे धरून चाल की व्हील लावल्यावर सुरुवातीला तुझ्या लॅपची वेळ वाढेल, कमी होणार नाही.

आता घराचं बघू. आपले हॉल केवढे ते तुला सांगायला नको. व्हील टेबलाला चिमट्याने आवळून बसवतात. काचेच्या डायनिंग टेबलाला ते चुकूनही लावू नकोस. जाड लाकडी फळीचं टेबल हवं, किंवा घडी होणारा स्टँड. चाकांची ऑफिसची खुर्ची चालत नाही, ब्रेक दाबला की तूच मागे सरकशील. साधी प्लास्टिकची खुर्ची घे आणि तिची पाठ भिंतीला टेकव. गुळगुळीत लाद्यांवर पेडल पुढे घसरतात, त्यांच्या खाली रबरी चटई टाक आणि पुढे टीव्हीच्या कपाटाचा अडसर दे.

आवाजाचाही विचार कर. जी२९ मध्ये आत दातेरी गिअर आहेत, ते खडखडतात. पट्ट्यावर चालणारी व्हील त्यामानाने शांत असतात. ब्रेकवर पाय आपटला की धप्प आवाज खालच्या मजल्यावर जातो. रात्री दहानंतर व्हील बंद, हा नियम सोसायटीने सांगण्याआधी तूच कर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केलास का ते बघ, नाहीतर हात फिरल्यावर चित्र उशिरा फिरतं आणि दोष तू स्वतःला देत बसतेस. शेवटचं, खेळ झाल्यावर सगळं उचलून ठेवायला किती वेळ लागतो ते बघ. मांडायला अर्धा तास लागत असेल, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते माळ्यावर गेलेलं असेल.

६. हिशेब पूर्ण मांड

प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता, पुढे किंमत वाढली. त्यावर गेम, त्यावर इंटरनेट, त्यावर व्हील, त्यावर स्टँड. दुकानदार पहिला आकडा सांगतो, तू शेवटचा काढ. हप्त्यावर छंद घेऊ नकोस.

डिस्क लागणारा कन्सोल घे. गेम नाही आवडला तर डिस्क विकता येते, डाउनलोड केलेला गेम तुझ्याच गळ्यात राहतो. ग्रान तुरिस्मो ७ चा बराचसा भाग इंटरनेटशिवाय चालत नाही, एकट्याने खेळायचा असला तरीही. मार्च २०२२ मध्ये त्याचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते, तेव्हा जगभरचे लोक पैसे मोजलेल्या गेमकडे बघत बसले होते. तुमच्या केबलवाल्याचं इंटरनेट दर पावसात जात असेल, तर ही गोष्ट हिशेबात धर.

व्हील जुनं घेणं शहाणपणाचं, कारण नवलाई ओसरलेले लोक ते नव्यासारखंच विकतात. लॅमिंग्टन रोडला किंवा कुणाच्या घरी, चालू करूनच घे. वीज देऊन कन्सोलला जोडल्यावर जी२९ आपोआप दोन्ही टोकांना फिरून मध्ये येतं. अडखळलं तर घेऊ नकोस. मग गेममध्ये ब्रेक अगदी सावकाश दाब आणि पडद्यावरची पट्टी बघ. पट्टी थरथरली किंवा उड्या मारत वर गेली, तर पेडल झिजलेलं आहे.

७. अंगाला सोसेल तेवढंच

काही जणांना पडदा हलतो आणि अंग स्थिर असतं म्हणून मळमळतं. तुला घाटात गाडी लागते, तेव्हा हे तपासून बघ. पहिल्यांदा वीस मिनिटांपेक्षा जास्त खेळू नकोस. गाडीच्या आतल्या दृश्याने त्रास झाला तर बॉनेटवरचं दृश्य लाव. डोकं गरगरायला लागलं की तिथेच थांब, ताणून सवय होत नाही. आणि स्टिअरिंग आवळून धरू नकोस, खांदे दुसऱ्या दिवशी जाब विचारतात.

८. स्वप्न आणि रस्ता वेगळे ठेव

गेममधून रेसर झालेली माणसं आहेत. निस्सान आणि प्लेस्टेशनची जीटी ॲकॅडमी स्पर्धा २००८ मध्ये स्पेनच्या लुकास ओर्दोन्येसने जिंकली आणि तो ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीपर्यंत गेला. २०११ चा विजेता यान मार्डनबरो, त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला. ती स्पर्धा आता बंद झाली आहे. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, पण तो कार्टिंगमधून वर आला. तुला खरोखर रेसिंगची ओढ असेल, तर व्हीलच्या पैशांतला थोडा भाग काढून आधी एकदा कार्ट चालव. कोल्हापूरला मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा ट्रॅक आहे, महालक्ष्मीचं दर्शनही होईल. सीटला बसणारे धक्के आणि पोटात पडणारा खड्डा कुठलंच व्हील देत नाही.

आणि तुझ्या एमएच-४७ च्या गाडीत बसलीस की गेम डोक्यातून काढ. सिममध्ये डावीकडून घुसणारी रिक्षा नसते, दुभाजकावरून उडी मारणारा माणूस नसतो, आणि चुकलं तर परत सुरू करायचं बटण असतं. लांब बघणं आणि वळणाआधी ब्रेक, या दोनच सवयी तिथून वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर आण. बाकी सगळं हॉलमध्येच ठेव.

माझा निकाल असा : या दिवाळीला कन्सोल आणि एकच गेम घे, व्हीलचे पैसे बँकेत राहू देत. ग्रान तुरिस्मो ७ मध्ये पहिलं लायसन्स नॅशनल बीचं, त्याच्या दहा परीक्षा आहेत. गुढीपाडव्यापर्यंत दहाही परीक्षांत गोल्ड मिळालं आणि तरीही हात शिवशिवत असतील, तर बेलाशक व्हील घे. तसं झालं नाही, तर ते पैसे तुझेच आहेत आणि कन्सोलवर खेळायला इतर पुष्कळ आहे.