चित्राखालचे नाव

मुलांनो, वर्तमानपत्र हातात घेतल्यावर तुमची नजर सर्वांत आधी कशावर जाते? बहुधा छायाचित्रावर. छायाचित्राला आपण उर्दूत ‘तस्वीर’ म्हणतो. मराठीतही ‘तसबीर’ हा शब्द आहे. पण ती तसबीर कोणी काढली, हे तुम्ही कधी पाहता का? चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत एक नाव असते. कधी कधी तेही नसते. आज मी तुम्हांला त्या नावाची गोष्ट सांगणार आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस होता. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी फुगली आणि अंधेरीजवळ मरोळला आमच्या वस्तीत छातीभर पाणी शिरले. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. आमच्या गल्लीत एक चाचा राहत. लग्नाचे फोटो काढणे हा त्यांचा व्यवसाय. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते पाण्यात उतरले. दहा-बारा शेजाऱ्यांनी दोर धरून साखळी केली होती. अडकलेल्या बसमधील प्रवाशांना ते एकेक करून बाहेर काढत होते. चाचांनी तो क्षण टिपला.

काही दिवसांनी तो फोटो एका वर्तमानपत्रात आला. आम्ही सारे पाहायला धावलो. पण फोटोत दोर नव्हता, साखळी नव्हती. कडा कापून फक्त एका रडणाऱ्या बाईंचा चेहरा ठेवला होता. खालच्या ओळीत लोकांना कोणीच वाली नसल्याचे लिहिले होते. चाचांचे नावही नव्हते. ते कार्यालयात विचारायला गेले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘जागा कमी होती. फोटो छापला, हेच खूप समजा.’’

चाचा घरी येऊन म्हणाले, ‘‘बेटा, नावाचं जाऊ दे. पण मदत करणारे हात का कापले?’’

मुलांनो, हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. मुंबईत ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ हे मोठे सचित्र साप्ताहिक निघत असे. त्याची सुरुवात १८८० मध्ये झाली होती. होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या या साप्ताहिकासाठी छायाचित्रे काढू लागल्या. त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. परंतु सुरुवातीला त्यांची चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. स्त्रीने कॅमेरा घेऊन बातमीच्या मागे जावे, हेच तेव्हा कोणाला पटत नव्हते. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा आणि गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबवले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्यांनी वयाची सत्त्याण्णव वर्षे पूर्ण केली होती.

परदेशातही हेच घडत होते. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लाइफ’ हे चित्रांचे साप्ताहिक सुरू झाले. युजीन स्मिथ हे त्याचे नामवंत छायाचित्रकार. १९५४ मध्ये त्यांनी आफ्रिकेत रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. श्वाइट्झर यांच्यावर चित्रलेख केला. कोणती चित्रे घ्यावीत आणि ती कशी मांडावीत, यावरून त्यांचे संपादकांशी पटले नाही. अखेर त्यांनी नोकरी सोडली. आपल्या चित्रांचे हक्क आपल्याकडेच राहावेत, म्हणून रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ आदींनी १९४७ मध्येच ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली होती. स्मिथ तिच्यात सामील झाले.

मग संपादक नेहमी चुकतो का? नाही. पाने मोजकी असतात. शंभर चित्रांतून पाच निवडावीच लागतात. चित्र खरे आहे की नाही, हेही त्यालाच तपासावे लागते. निवड करणे हे त्याचे काम आहे. पण अर्थ उलटा करणे हे त्याचे काम नव्हे.

पुढे या भांडणाचे अंगणच आक्रसले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिक बंद पडले. हलती चित्रे घरात आली आणि जाहिरातीही त्यांच्यामागे गेल्या. १९९३ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’ही बंद झाले. एका गावात अनेक दिवस राहून आठ-दहा पानांची चित्रकथा करण्याची संधी दुर्मीळ झाली. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. चित्रे वाढली, पण छायाचित्रकाराची पक्की नोकरी कमी झाली.

कायदा काय सांगतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून करार आधी वाचावा. मात्र ‘हे काम माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो.

मुलांनो, आपल्या शाळेतही भित्तिपत्रक असते. पुढच्या वेळी त्यावर चित्र लावताना दोन गोष्टी करा. ते कापण्याआधी काढणाऱ्याला विचारा आणि खाली त्याचे नाव लिहा. चाचा आज हयात नाहीत. तो पूर्ण फोटो मात्र आमच्या घरी आहे. त्यात दोर आहे, आणि दोर धरलेले सारे हातही आहेत.

शब्दार्थ
टिपणे – नेमके पकडणे
वाली – सांभाळणारा, रक्षणकर्ता
आक्रसणे – लहान होणे
भित्तिपत्रक – भिंतीवर लावलेले हस्तलिखित

स्वाध्याय
१. चाचांच्या फोटोतून काय कापले गेले? त्यामुळे अर्थ कसा बदलला?
२. होमाई व्यारावाला यांची चित्रे सुरुवातीला कोणाच्या नावाने छापली जात? का?
३. ‘निवड करणे’ आणि ‘अर्थ उलटा करणे’ यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
४. घरातील एक जुना फोटो पाहा. तो कोणी व कधी काढला, हे मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.