रुग्णांच्या नोंदी, संशोधन आणि दवाखान्यातील कर्मचारी



वैद्यकीय संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा आणि मोठी रुग्णालये येतात. परंतु इंग्लंडमध्ये पुष्कळसे संशोधन फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातील नोंदींवर चालते. तेथील बहुतेक सर्व नागरिकांचे नाव कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात नोंदलेले असते. आजार, औषधे, लसी यांची माहिती तेथे वर्षानुवर्षे साठत जाते. ही माहिती संशोधकांना देण्याबाबत तेथील कर्मचाऱ्यांची भूमिका काय, याचा आपण येथे विचार करू.

प्रथम लाभ पाहू. १९९८ साली गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी असावा, असा संशय एका शोधनिबंधाने निर्माण केला. घाबरून अनेक पालकांनी लस टाळली. २००४ साली संशोधकांनी दवाखान्यांतील नोंदींवरून या विकाराचे निदान झालेल्या १,२९४ आणि न झालेल्या ४,४६९ व्यक्तींची तुलना केली. असा संबंध आढळला नाही. मूळ शोधनिबंध २०१० साली मागे घेण्यात आला. नोंदी मिळाल्या नसत्या, तर हा पुरावा कोठून आला असता?

तरीही कर्मचारी कचरतात. का? २०१४ च्या आरंभी ‘केअर डॉट डेटा’ योजनेची पत्रके घरोघर टाकण्यात आली. अनेकांच्या हाती ती पडलीच नाहीत. ज्याला नकार द्यायचा, त्याने आपल्या दवाखान्यालाच कळवायचे होते. म्हणजे योजना सरकारची, पण जाब द्यायचा रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईंनी! डॉक्टरांचीही कोंडी झाली. २०१२ च्या कायद्याने माहिती देणे त्यांना बंधनकारक होते आणि १९९८ च्या कायद्याने तीच माहिती जपण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. योजना फेब्रुवारी २०१४ मध्ये थांबली आणि जुलै २०१६ मध्ये गुंडाळली गेली. २०२१ साली तशीच दुसरी योजना आली, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी नकार नोंदविला आणि तीही लांबणीवर पडली.

या कर्मचाऱ्यांना संशोधनाचे शत्रू समजणे अन्यायाचे होईल. त्यांचे प्रश्न साधे आहेत. माहिती कोणाकडे जाणार? तिचा व्यापार होणार का? नाव काढले तरी गाव, वय आणि दुर्मीळ आजार यांवरून माणूस ओळखू येणार नाही ना? वाढीव काम कोणी करायचे? लाजेने दबल्या आवाजात दुखणे सांगणारा रुग्ण त्यांच्या समोर उभा असतो. त्याचा विश्वास उडाला, तर पुढच्या वेळी तो खरे सांगणार नाही. मग उपचारही चुकेल आणि नोंदही.

मार्ग आहे. २०२० साली करोनाच्या साथीत ‘ओपनसेफली’ या व्यवस्थेत नोंदी होत्या तेथेच ठेवण्यात आल्या. संशोधकांनी केवळ आपली गणिती सूत्रे पाठविली आणि एकत्रित निष्कर्ष तेवढे बाहेर आले. अशा रीतीने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास झाला. कोणत्या संशोधकाने काय तपासले, हेही जाहीर ठेवले गेले.

यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, रुग्णाची नोंद ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. ती समाजाच्या कामी यावी, यात दुमत नाही. मात्र ती मागणाऱ्याने आधी ठेव सांभाळणाऱ्यास विचारावे, समजावून सांगावे आणि त्याच्या शंकांना उत्तर द्यावे. उद्या आपल्यापैकी कोणी डॉक्टर, परिचारिका वा संशोधक होईल, त्याने हे ध्यानी ठेवावे.