आधी गिऱ्हाईक, मग माल

प्रश्न : मला घरबसल्या ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. सध्या कोणत्या वस्तूला जास्त मागणी आहे ते सांगाल का? तो माल भरून ठेवीन म्हणते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, माल भरायची घाई करू नका. सगळ्यात जास्त खपणारी वस्तू सापडली की धंदा चालतो, हा समज चुकीचा आहे. तिथे मोठे विक्रेते आधीच भाव पाडून बसलेले असतात. त्यापेक्षा कुणाची नड तुम्हाला जवळून ठाऊक आहे, ते पाहा. तुमच्या भागातून मुंबई-पुण्याला गेलेल्या कितीतरी घरांना खात्रीचं आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ हवं असतं. गावाहून कुणी येईपर्यंत ती थांबतात. अशा दहा-बारा घरांशी बोला. आत्ता कुठून घेता, काय भावाने, त्यात काय पटत नाही, हे विचारा. नुसतं ‘छान कल्पना आहे’ म्हणणाऱ्यांना मोजू नका. आगाऊ पैसे देईल ते खरं गिऱ्हाईक. मागणीपुरताच माल घ्या. आगळाच्या बाटलीचं वजन आणि फुटण्याचा धोका कुरिअरच्या खर्चात आधीच धरा. खाद्यपदार्थ विकायचे ठरले, तर एफएसएसएआयची नोंदणी मात्र आधी करा. दहा-बारा घरांच्या या चाचणीला पाच-सात हजार पुरावेत. बाकीचे सध्या बँकेतच राहू द्या.