एक नाव, अनेक आचार्य : ग्रंथसंदर्भ देताना घ्यावयाची दक्षता

द्रव्यगुणाच्या अभ्यासात नामसाम्याचा प्रश्न आपणा सर्वांना परिचित आहे. ‘अमृता’ या एकाच नावाने गुडूची, हरीतकी आणि आमलकी या तिन्हींचा बोध होतो. निघंटुकारांनी अशा नावांसाठी अनेकार्थवर्ग रचले. योगातील अन्य द्रव्ये आणि रोगाधिकार पाहून वैद्य योग्य अर्थ निश्चित करतो. ग्रंथकर्त्यांच्या नावांबाबत मात्र ही दक्षता फारशी घेतली जात नाही. व्याख्यानांत व माहितीपत्रकांत ‘वाग्भटोक्त’ किंवा ‘नागार्जुनप्रोक्त’ एवढाच निर्देश पुष्कळदा पुरेसा मानला जातो. प्रस्तुत लेखात अशा काही समाननामक आचार्यांचा परिचय करून देऊन, चिकित्सक व औषधनिर्माते यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आम्ही मांडत आहोत.

वाग्भट

‘अष्टांगसंग्रह’ हा गद्यपद्यात्मक ग्रंथ १५० अध्यायांचा, तर ‘अष्टांगहृदय’ हा पद्यमय ग्रंथ १२० अध्यायांचा आहे. दोन्हींचा कर्ता वाग्भट. संग्रहाच्या शेवटी ग्रंथकार आपला परिचय देतो. त्यानुसार त्याच्या पितामहाचेही नाव वाग्भट, पित्याचे नाव सिंहगुप्त, गुरूचे अवलोकित आणि जन्मभूमी सिंधुदेश. म्हणजे नामसाम्याचा आरंभ घरातच झालेला आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथ यांचे नातू बाळाजी बाजीराव, तर पहिल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव. पित्याचे नाव जोडले की आजोबा व नातू सहज वेगळे ओळखता येतात.

वाग्भटांच्या बाबतीत मात्र हा उपायही अपुरा पडतो, कारण ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाचा कर्ताही स्वतःस सिंहगुप्ताचा पुत्र म्हणवतो. येथे ग्रंथातील विषयच निर्णायक ठरतो. अष्टांगहृदयात पारदाचे उल्लेख तुरळक आहेत. पारदाचे अष्टसंस्कार, यंत्रे व पुटे यांची व्यवस्था तेथे नाही. समुच्चयाच्या ३० अध्यायांपैकी पहिले ११ प्रामुख्याने रसशास्त्राच्या परिभाषेस, द्रव्यांस व प्रक्रियांस वाहिलेले असून पुढील अध्यायांत रोगानुसार रसकल्प सांगितले आहेत. पूर्वीच्या अनेक रसग्रंथांतील सामग्री त्यात संकलित आहे. त्यामुळे अभ्यासक या ग्रंथाचा काळ साधारणपणे तेराव्या शतकात किंवा त्यानंतर मानतात. अष्टांगहृदय त्याच्या कित्येक शतके आधीचे आहे. संग्रह आणि हृदय यांचा कर्ता एकच की भिन्न, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. रसवाग्भट हा निराळा, हे मात्र बहुतेकांस मान्य आहे.

वैद्यकाबाहेरही वाग्भट आहेत. ‘वाग्भटालंकार’ आणि ‘काव्यानुशासन’ हे अलंकारशास्त्रावरील ग्रंथ या नावाच्या दोन जैन पंडितांचे असून त्यांचा वैद्यकाशी संबंध नाही.

नागार्जुन

माध्यमिक बौद्ध दर्शनाचे प्रवर्तक नागार्जुन साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानले जातात. परंपरा त्यांचा संबंध सातवाहन राजाशी जोडते. सुश्रुतसंहितेचा प्रतिसंस्कर्ता नागार्जुन असल्याचे टीकाकार डल्हण सांगतो. ‘रसवैशेषिक’ हा सूत्रग्रंथ भदंत नागार्जुनाच्या नावावर आहे, तर ‘रसेंद्रमंगल’ हा रसग्रंथ सिद्ध नागार्जुनाच्या. इसवी सन १०३० च्या सुमारास लिहिणारा अल्बेरूनी सोमनाथजवळच्या एका रसायनज्ञ नागार्जुनाचा उल्लेख करतो आणि तो आपल्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेल्याचे सांगतो. दुसऱ्या आणि दहाव्या शतकांतील या व्यक्ती एक असणे शक्य नाही. तरीही सर्वांचे कर्तृत्व एकाच नावाखाली गोळा करून रसशास्त्राचा आरंभ थेट सातवाहनकाळात नेला जातो.

माधव

‘रोगविनिश्चय’ अर्थात माधवनिदान लिहिणारे माधवकर हे इंदुकराचे पुत्र. ‘आयुर्वेदप्रकाश’ हा रसग्रंथ लिहिणारे माधव उपाध्याय त्यांच्यानंतर अनेक शतकांनी झाले. रसेश्वर दर्शनाचे विवेचन ज्यात आहे तो ‘सर्वदर्शनसंग्रह’ विजयनगरकालीन माधवाचार्यांच्या नावावर आहे. ‘माधवांनी पारदाविषयी म्हटले आहे’ असे वाक्य आले, तर ते निदानकार माधवांचे समजणे चुकीचे ठरेल.

एक व्यक्ती, दोन ओळखी

याच्या उलट प्रकारही घडतो. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री मराठी माणसास हेमाडपंत म्हणून, मोडी लिपी व हेमाडपंती देवळांच्या संदर्भात ठाऊक असतो. वैद्यास तो अष्टांगहृदयावरील ‘आयुर्वेदरसायन’ टीकेचा कर्ता म्हणून ठाऊक असतो. दोघे एकच. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या, हरिशास्त्री पराडकर यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत ही टीका अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह वाचावयास मिळते. हेमाद्री संग्रहातील वचने वारंवार उद्धृत करतो आणि तेथे ‘संग्रह’ असा ग्रंथाचा निर्देश करतो. ही पद्धत आजही अनुकरणीय आहे.

व्यवहारातील महत्त्व

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणभूत ग्रंथांची यादी आहे. त्यात अष्टांगसंग्रह, अष्टांगहृदय आणि रसरत्नसमुच्चय हे तिन्ही ग्रंथ आहेत. म्हणजे केवळ ‘वाग्भट’ असे लिहिल्यास तीन प्रमाणग्रंथांपैकी कोणता, हे कळत नाही. नियम १६१ वेष्टनावर घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण यांबरोबरच प्रमाणग्रंथ व अधिकरण यांचा निर्देश मागतो. आपल्या उपनगरांतील उदाहरण द्यावयाचे तर, महात्मा गांधी मार्ग घाटकोपरला आहे आणि मुलुंडलाही. उपनगराचे नाव न लिहिता पाठविलेले पत्र पोहोचेलच असे नाही.

दुसरा मुद्दा रुग्णाशी निगडित आहे. धातू व पारदयुक्त कल्पांविषयी रुग्ण आज जागरूकपणे प्रश्न विचारतात. अशा वेळी समुच्चयातील कल्पास बृहत्त्रयीतील वाग्भटाचा आधार देणे हे रुग्णास चुकीची माहिती देणे होय. त्या कल्पाची योग्यता त्याच्या शोधन-मारणावर, परीक्षणावर, मात्रेवर व अनुपानावर ठरते. उसन्या प्राचीनतेने ती वाढत नाही. शिवाय मूळ पाठ पडताळण्यासाठी चुकीचा ग्रंथ उघडल्यास त्यात तो कल्प, त्याचे घटक व मात्रा सापडणारच नाहीत.

म्हणून वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस आमची सूचना अशी :

१. संदर्भ देताना प्रथम ग्रंथाचे नाव, नंतर स्थान वा अधिकार, अध्याय व श्लोकांक लिहावा. कर्त्याचे नाव त्यानंतर.

२. दुय्यम संकलनातून योग घेतल्यास त्या संकलनाचाच निर्देश करावा. मूळ ग्रंथ स्वतः पाहिल्यावरच त्याचे नाव लिहावे.

३. ‘वृद्धवाग्भट’, ‘रसवाग्भट’, ‘सिद्ध नागार्जुन’ अशी विशेषणे गाळू नयेत.

४. माहितीपत्रक छापण्यापूर्वी आचार्याचा काळ व योगाचा विषय परस्परांशी जुळतात का, हे पाहावे.

ही चार पथ्ये पाळल्यास अमृतेच्या बाबतीत आपण जो विवेक दाखवितो, तोच आचार्यांच्या बाबतीतही दाखविल्यासारखे होईल.