अहवाल बिनचूक हवा, तर यंत्रणेची निगा हवी

कारखाना असो, औषधांची घाऊक विक्री असो की बँकेचा व्यवहार असो, मोठ्या कंपनीतील बहुतेक निर्णय आज संगणकाने तयार केलेल्या अहवालांवर घेतले जातात. काल किती माल विकला गेला, कोणत्या गोदामातील साठा संपत आला, कोणत्या ग्राहकाकडील येणे थकले, हे सारे सकाळी कचेरी उघडताच पडद्यावर दिसते. या व्यवस्थेस ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग तसा जुना आहे. आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात हेच नाव वापरले होते. आलेली माहिती संस्थेतील ज्या विभागास हवी असेल त्या विभागाकडे आपोआप पोहोचविणारी व्यवस्था त्यांना अभिप्रेत होती.

अशी यंत्रणा उभारताना मोठा खर्च केला जातो. परंतु ती उभी राहिल्यानंतर तिची रोजची देखभाल कोणी करावयाची, हा विचार पुष्कळदा मागे पडतो. यंत्र बंद पडले तर ते सर्वांना दिसते. चुकीचा आकडा मात्र बरोबर आकड्यासारखाच दिसतो. खरा धोका आहे तो येथेच.

इंग्लंडमधील धडा

या धोक्याचे एक बोलके उदाहरण कोविडच्या साथीच्या काळात घडले. २०२० मध्ये इंग्लंडमधील प्रयोगशाळांकडून येणारे चाचण्यांचे निकाल तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या संगणकात आपोआप एकत्र केले जात. या कामी एक्सेलचा एक जुना फाईल-प्रकार वापरला जात होता. त्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. एकेका रुग्णाच्या नोंदीस अनेक ओळी लागत असल्याने ही मर्यादा लवकरच ओलांडली गेली आणि पुढील नोंदी कोणतीही सूचना न देता गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधित व्यक्ती दैनिक आकडेवारीत आल्याच नाहीत. त्या व्यक्तींना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम मात्र लांबणीवर पडले. साथीच्या काळात असा एकेक दिवस मोलाचा असतो.

आलेल्या नोंदी किती आणि साठविल्या गेलेल्या नोंदी किती, एवढी एकच तुलना रोज केली गेली असती, तर ही चूक पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

रोजची तपासणी

कंपनीतील आकड्यांचा प्रवासही असाच असतो. दिवसभरातील बिले, पावत्या व साठ्याच्या नोंदी रात्री निरनिराळ्या संगणकांतून उचलल्या जातात, त्यांतील विसंगती दूर केली जाते, मग त्या मध्यवर्ती माहितीभांडारात भरल्या जातात आणि त्यावरून अहवाल तयार होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय येथेही लागू पडतो. यास्तव देखरेख अहवालापाशी नव्हे, तर उगमापासून सुरू व्हावयास हवी.

समजा, एका कंपनीच्या चाळीस शाखा आहेत आणि एका शाखेची माहिती रात्री पोहोचलीच नाही. एकूण विक्री किंचित कमी दिसेल. परंतु कोणास संशय येणार नाही. म्हणून रोज सकाळी चार गोष्टी पाहणे आवश्यक ठरते. माहिती ठरल्या वेळी आली काय? सर्व शाखांच्या नोंदींची संख्या जुळते काय? अहवालातील बेरीज हिशेबखात्यातील रकमेशी जुळते काय? आणि कालच्या तुलनेत एखादा आकडा अकारण चढला वा उतरला आहे काय? ही तपासणी संगणकाकडूनच करवून घेता येते. तफावत आढळताच संबंधितास सूचना जावी आणि माहिती कोणत्या वेळेपर्यंतची आहे, हे प्रत्येक अहवालावर ठळकपणे छापलेले असावे.

बदलांकडे लक्ष

यंत्रणा बिघडते ती नेहमी यंत्रदोषामुळेच नव्हे. भोवतालची परिस्थिती बदलते आणि अहवाल जुन्याच नियमांनी चालू राहतो. देशात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी अनेक उत्पादक कंपन्यांच्या विक्रीच्या रकमेत उत्पादन शुल्क धरलेले असे. नवा कर मात्र त्या रकमेत धरला जात नाही. दोन्ही काळांतील आकडे तसेच शेजारी मांडले, तर विक्री घटल्याचा भास होतो.

२०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. ज्या यंत्रणेत शहर केवळ नावाने ओळखले जाते, तेथे एकाच शहराच्या दोन ओळी पडतात आणि दोन्ही अपुऱ्या असतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणास कायमचा क्रमांक देणे.

घड्याळाचेही तसेच आहे. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात व ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. रूपांतर राहून गेले, तर १ एप्रिलच्या पहाटे पाच वाजता झालेला व्यवहार ३१ मार्चचा, म्हणजे मागील आर्थिक वर्षाचा ठरतो.

निगा आणि जबाबदारी

‘विक्री’ म्हणजे नोंदविलेली मागणी, केलेले बिल की हाती आलेली रक्कम, याची व्याख्या लेखी असावी. अन्यथा दोन विभाग एकाच बैठकीत दोन आकडे घेऊन येतात. कोणी न वाचणारे अहवाल बंद करावेत. माहितीची राखीव प्रत केवळ ठेवून भागत नाही; तिच्यावरून यंत्रणा पुन्हा उभी राहते काय, हेही अधूनमधून करून पाहावे. बदली झालेल्या वा नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेशाधिकार तत्काळ काढून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक अहवालास जबाबदार असा एक मनुष्य असावा. चूक आढळल्यास ती गुपचूप दुरुस्त न करता, तो अहवाल ज्यांच्या हाती गेला त्या सर्वांना कळवावी. कारण त्या आकड्यावर कोणी तरी निर्णय घेतलेला असतो.

पूर्वीच्या पेढीवरील दिवाणजी दिवसाची शिल्लक जुळल्याखेरीज चोपडी मिटत नसत. चोपडीची जागा आता संगणकाने घेतली आहे. शिल्लक जुळविण्याचे कर्तव्य मात्र माणसाकडेच राहिले आहे.