भिंतीला गोधडी, घराला घुसमट

इंग्लंडात घराला फुकट इन्सुलेशन मिळत असेल, तर जरूर घ्या. पण दारावर आलेला माणूस ‘काउन्सिलची स्कीम आहे’ म्हणाला, की त्याला आधी विचारा: यात काउन्सिलची सही नेमकी कशावर आहे?

आमच्या बाबतीत ती आमच्या उत्पन्नावर होती. ईसीओ-4 ही योजना 2022 मध्ये सुरू झाली. खर्च वीज-गॅस कंपन्यांचा, म्हणजे शेवटी सगळ्यांच्याच बिलांतून. तिच्यात ‘फ्लेक्स’ नावाची एक वाट होती: कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 31,000 पौंडांच्या आत आणि घराचा ऊर्जा-दाखला खालच्या श्रेणीचा, तर हे कुटुंब पात्र आहे असे काउन्सिल लिहून देई. तेवढेच. भिंत कशी आहे, काम कोण करणार, ते टिकेल का, याची जबाबदारी त्या सहीत नव्हती. आपल्याकडचा माणूस मात्र सरकारी शिक्का पाहिला की निर्धास्त होतो.

आमचे घर मिडलंड्समधले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, ओळीतले. भिंती नऊ इंची भरीव विटांच्या. मध्ये पोकळी नाही, त्यामुळे बाहेरून इन्सुलेशनचे जाड तक्ते ठोकून वर गिलावा केला. पहिल्या हिवाळ्यात गॅसचे बिल खरेच उतरले. मग बैठकीच्या खोलीत कुबट वास येऊ लागला आणि खिडक्यांच्या कडेने काळी बुरशी चढली.

वासाचे मूळ जोत्यापाशी सापडले. जुन्या घरांची जमीन लाकडी, खाली पोकळी. तिथली ओल वाहून जावी म्हणून जोत्यात छिद्रांच्या विटा बसवलेल्या असतात. इथे त्यांना एअरब्रिक म्हणतात. तक्ते ठोकणाऱ्यांनी त्या सरळ झाकून टाकल्या होत्या. खालची हवा कोंडली आणि तुळया ओल धरू लागल्या. खिडक्यांचे दुखणे वेगळे. भिंतीला गोधडी घातली, पण चौकटीलगतच्या कडा उघड्याच ठेवल्या. घरातली सगळी वाफ मग त्या थंड पट्ट्यांवर जाऊन बसे.

आणि वाफ आपल्या घरात किती असते! कुकरच्या शिट्ट्या, उकळते वरण, रेडिएटरवर वाळणारे कपडे. तक्रार केली की ‘तुमच्या स्वयंपाकामुळे होतंय’ हे उत्तर ठरलेले. ते मुकाट्याने ऐकून घेऊ नका. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल 2020 मध्ये घरातल्या बुरशीपायी दगावले, तेव्हाही आधी बोट दाखवले गेले ते कुटुंबाच्या राहणीकडे. स्वयंपाक केल्यावर वाफ होणारच. ती बाहेर काढणे हा कामाचाच भाग आहे. बांधकामाच्या नियमावलीत स्वयंपाकघराचा पंखा शेगडीलगत असेल तर सेकंदाला 30 लिटर आणि इतरत्र असेल तर 60 लिटर हवा काढणारा हवा, न्हाणीघरात 15. दारांखाली साधारण 10 मिलिमीटरची फट हवी, नाहीतर पंखा चालूनही हवा खेळत नाही. इन्सुलेशनआधी पंख्यांचे काम लिहून मागा. ‘नंतर बघू’ म्हणाले तर नकार द्या.

हे दुखणे आमच्या गल्लीपुरते नव्हते. ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. सरकारी योजनांतून बाहेरून केलेल्या भिंतींच्या इन्सुलेशनपैकी 98 टक्के कामांत दुरुस्ती लागेल असे मोठे दोष, म्हणजे 22 ते 23 हजार घरे. एवढ्यांच्या हातून चूक झाली म्हणजे देखरेख नावालाच होती, असे मी समजतो.

कामाआधी ‘रेट्रोफिट को-ऑर्डिनेटर’ कोण आहे ते विचारा. पीएएस 2035 या मानकाप्रमाणे तो असावाच लागतो. त्याने घर स्वतः पाहिले का, हेही विचारा. जोते, छिद्रांच्या विटा, चौकटी, पन्हळीच्या नळामागची भिंत यांचे फोटो आधी आणि काम चालू असताना काढा. हमीपत्र हातात येईपर्यंत काम संपल्याच्या कागदावर सही नको. आमच्याकडे फोटो होते, म्हणून एअरब्रिक मोकळ्या करून घेता आल्या. ठेकेदाराशी तोंडी घातलेल्या वादातून काहीच निघाले नव्हते.

ईसीओ आता गुंडाळायची ठरली आहे. 2025 पासून वॉर्म होम्स लोकल ग्रँट सुरू आहे. तीत 36,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना काउन्सिलच्या हातूनच अनुदान मिळते. मला ही रचना जास्त पटते, कारण ठेकेदार काउन्सिलने नेमलेला असतो आणि जाब विचारायला दार सापडते. काउन्सिलच्या संकेतस्थळावरून स्वतः अर्ज करा, दारावरच्या माणसाकडून नको.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. एप्रिल 2020 पासून, ठरावीक सवलती सोडल्या तर, ऊर्जा-दाखल्यात ई श्रेणीखाली असलेले खासगी घर भाड्याने देता येत नाही. दाखला सरकारी नोंदवहीत पत्ता घालून कुणालाही फुकट पाहता येतो. करारावर सही करण्याआधी पाहा. घर गारठलेले किंवा बुरशीचे असेल आणि मालक हलत नसेल, तर काउन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला लिहा. 2004 च्या गृहनिर्माण कायद्याने त्यांना तपासणीचा आणि नोटीस काढण्याचा अधिकार आहे. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल पाठवून ठेवा. तारीख असलेला कागद पुढे उपयोगी पडतो.